आडनाव एक, घराणी अनेक : वाचकांचे प्रश्न

या महिन्याच्या टपालात समान आडनावांच्या लेखकांविषयी बरीच पत्रे आली. त्यांतील निवडक प्रश्न आणि त्यांची उत्तरे येथे देत आहोत. अन्य विषयांवरील पत्रांना पुढील अंकी उत्तरे दिली जातील. उत्तरांत 'नाते नाही' असे जेथे म्हटले आहे, तेथे आई-वडील, भावंडे, चुलते-पुतणे, आजा-नातू असे उघड सांगता येण्याजोगे नाते नाही, एवढाच अर्थ घ्यावा. दहा पिढ्यांमागे मूळपुरुष एक होता की काय, हा प्रश्न कुलवृत्तान्त लिहिणाऱ्यांचा आहे आणि पुण्यात त्यांचीही वाण कधी पडलेली नाही.

प्रश्न : आमच्या गृहसंस्थेच्या वाचनालयात आडनावांनुसार पुस्तके लावताना 'दांडेकर' या नावाखाली किल्ल्यांवरची पुस्तके, सार्थ ज्ञानेश्वरी, वैदिक देवतांवरचा एक ग्रंथ आणि लोकसाहित्यावरचे एक पुस्तक अशी एकत्र आली. हे सारे दांडेकर एकाच घरातले आहेत काय? सभासदांपैकी दोघांचे तर म्हणणे असे, की किल्ल्यांवर लिहिणाऱ्या दांडेकरांनीच ज्ञानेश्वरीही सिद्ध केली. (एक वाचक, कोथरूड)

उत्तर : आपल्या फळीवर शेजारी आलेले हे चार वेगवेगळे लेखक आहेत आणि त्यांच्यात नाते नाही. योगायोग असा, की चौघांपैकी तिघांचे आयुष्य पुण्यात किंवा पुण्याच्या परिसरात गेले, त्यामुळे गोंधळ इथेच अधिक होतो.

गोपाळ नीळकंठ दांडेकर (१९१६-१९९८), म्हणजे आपले गो. नी. दां., मूळचे विदर्भातील परतवाड्याचे. शाळकरी वयात घर सोडून ते स्वातंत्र्यचळवळीत गेले, पुढे गाडगेबाबांच्या सहवासात राहिले, नर्मदेची परिक्रमा केली आणि अखेर तळेगाव दाभाडे येथे स्थिरावले. कोकणातली 'पडघवली' आणि 'शितू', मावळातला 'पवनाकाठचा धोंडी', राजमाचीवरचा 'माचीवरला बुधा' या कादंबऱ्यांमधून त्यांनी एकेका मुलखाची बोली आणि माती उभी केली. 'स्मरणगाथा' या आत्मकथनपर पुस्तकाला १९७६ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. आपल्याकडील किल्ल्यांची पुस्तके त्यांची आहेत.

ज्ञानेश्वरी मात्र शंकर वामन दांडेकर (१८९६-१९६८) यांची. हे सोनोपंत दांडेकर. वारकरी मंडळी त्यांना 'मामा' म्हणत. विष्णुबुवा जोगांच्या परंपरेतले ते वारकरी, तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक आणि स. प. महाविद्यालयाचे प्राचार्य. वर्गात पाश्चात्त्य तत्त्वज्ञान शिकवायचे आणि त्याच निष्ठेने पंढरीची वारी करायची, अशी दोन्ही अंगे त्यांच्यात सहज नांदत होती, आणि त्यांच्या सार्थ ज्ञानेश्वरीच्या प्रती आजही अनेक घरांतून नित्यपाठात आहेत. आपल्या सभासदांचा समज पूर्णपणे निराधार आहे असे मात्र म्हणता येणार नाही, कारण गो. नी. दां. यांनीही ज्ञानेश्वरांच्या जीवनावर 'मोगरा फुलला' ही कादंबरी लिहिली आहे. ती वाचून झाल्यावर ज्या वाचकाच्या हाती 'दांडेकरांची ज्ञानेश्वरी' पडली, त्याने दोन्ही पुस्तके एकाच लेखणीची मानली तर नवल नाही.

तिसरे दांडेकर रामचंद्र नारायण (१९०९-२००१). साताऱ्यात जन्म, जर्मनीत हायडेलबर्ग येथे डॉक्टरेट आणि त्यानंतर अनेक दशके भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराचे मानद सचिवपद. वेदविषयक संशोधनाची जगभरातली नोंद एकत्र करणारी त्यांची 'वैदिक बिब्लिओग्राफी' १९४६ पासून खंडशः प्रसिद्ध झाली. असे सूचीचे काम करणाऱ्याला वाचक मिळत नाहीत, अभ्यासक मिळतात. पण वैदिक देवतांवरील त्यांचा मराठी ग्रंथ सुशिक्षित वाचकाला आवाक्याबाहेरचा वाटू नये. चौथ्या मालतीबाई दांडेकर. त्या कादंबरीकार होत्या, मुलांसाठीही त्यांनी लिहिले, आणि आपल्याकडे असलेले पुस्तक बहुधा त्यांचे 'लोकसाहित्याचे लेणे' असावे.

फळीवर ही पुस्तके शेजारी राहण्यास हरकत नाही. नोंदवहीत मात्र 'दांडेकर, गोपाळ नीळकंठ', 'दांडेकर, शंकर वामन' अशी पूर्ण नावे लिहावीत आणि सोनोपंतांसारखे रूढ नाव असेल तर तेही पुढे द्यावे.

प्रश्न : वडिलांच्या संग्रहात ह. ना. आपटे आणि ना. ह. आपटे अशा दोन्ही नावांच्या कादंबऱ्या आहेत. आपल्याकडे मधले नाव वडिलांचे असते आणि नातवाला आजोबांचे नाव ठेवण्याची रीतही जुनी आहे. तेव्हा नारायणरावांचे पुत्र हरि नारायण आणि त्यांचे पुत्र नारायण हरि, हा माझा तर्क बरोबर आहे ना? (एक वाचक, एरंडवणे)

उत्तर : तर्काची मांडणी निर्दोष आहे, निष्कर्ष मात्र चुकीचा आहे. ही पितापुत्रांची जोडी नव्हे.

हरि नारायण आपटे यांचा जन्म १८६४ साली खानदेशातील पारोळे येथे झाला आणि १९१९ साली ते पुण्यात निवर्तले. १८९० मध्ये त्यांनी 'करमणूक' हे साप्ताहिक सुरू केले आणि 'पण लक्षांत कोण घेतो' ही कादंबरी त्यातूनच क्रमशः वाचकांपुढे आली. चुलते महादेव चिमणाजी आपटे यांनी १८८८ साली स्थापन केलेल्या आनंदाश्रमाची व्यवस्था हरिभाऊंकडे होती. अप्पा बळवंत चौकात क्रमिक पुस्तके घ्यायला जाणाऱ्यांपैकी किती जणांना ठाऊक असते, की संस्कृत ग्रंथांच्या प्रकाशनासाठी ख्यातनाम असलेली ही संस्था तिथून हाकेच्या अंतरावर आहे आणि मराठीतला आद्य थोर कादंबरीकार तिचा कारभार पाहत होता! 'उषःकाल', 'गड आला पण सिंह गेला' आणि विजयनगरच्या पाडावावरची 'वज्राघात' या त्यांच्या ऐतिहासिक कादंबऱ्या.

नारायण हरि आपटे (१८८९-१९७१) हे सांगली परिसरातील समडोळीचे. त्यांचा लेखनसंसार सातारा जिल्ह्यातील कोरेगावी झाला. कादंबऱ्यांच्या जोडीने त्यांनी 'सुखाचा मूलमंत्र' यांसारखी गृहस्थाश्रमाला उपदेश करणारी पुस्तके लिहिली आणि ती त्या काळी घरोघर वाचली गेली. त्यांचे नाव आज टिकून आहे ते अधिक करून चित्रपटामुळे. त्यांच्या 'भाग्यश्री' या कादंबरीवरून प्रभात कंपनीने १९३४ साली 'अमृतमंथन' काढला आणि 'न पटणारी गोष्ट' वरून १९३७ साली 'कुंकू'. प्रभातच्या ज्या आवारात हे चित्रीकरण झाले, तिथे आज फिल्म इन्स्टिट्यूट आहे.

आद्याक्षरांच्या उलटापालटीपलीकडेही या दोघांची सरमिसळ होण्यास कारण आहे. दोघांनीही स्त्रीच्या वाट्याला आलेल्या लग्नाविषयी लिहिले. हरिभाऊंची यमू स्वतःच्या तोंडाने आपली कहाणी सांगते आणि वैधव्यात केशवपनापर्यंत तिच्यावर जे जे लादले जाते, ते वाचकाला तिच्या नजरेने पाहावे लागते. नारायणरावांनी म्हाताऱ्या बिजवराशी लावून दिलेल्या तरुण मुलीचा प्रश्न घेतला. विषय शेजारचे असले, तरी लेखनाची जात निराळी आहे. हरिभाऊ माणसे उभी करतात आणि त्यांच्या बोलण्यातून प्रश्न वर येऊ देतात. नारायणराव आधी प्रश्न मांडतात, मग त्याला अनुरूप माणसे आणतात. आमचे मत विचाराल तर 'कुंकू' हा चित्रपट ज्या कादंबरीवरून निघाला तिच्याहून सरस ठरला, पण कथाबीज नारायणरावांचे होते हे विसरता येत नाही.

जाता जाता तिसऱ्या आपट्यांचाही उल्लेख केला पाहिजे, कारण आपल्या वडिलांच्या संग्रहात संस्कृत-इंग्रजी कोश असेल तर तो वामन शिवराम आपटे (१८५८-१८९२) यांचा असण्याचीच शक्यता अधिक. फर्ग्युसन महाविद्यालयाचे हे पहिले प्राचार्य. १८९० साली त्यांचा कोश प्रसिद्ध झाला आणि दोनच वर्षांनी, वयाच्या पस्तिशीच्या आत, ते गेले. संस्कृत शिकणारे विद्यार्थी आजही नुसते 'आपटे पाहा' असे म्हणतात, तेव्हा त्यांना हेच आपटे अभिप्रेत असतात.

प्रश्न : मराठी लेखकांच्या कोणत्याही यादीत कुलकर्णी, देशपांडे आणि जोशी यांचीच गर्दी का दिसते? यांच्यात काही मूळ घराणे असेलच ना? (एक वाचक, सिंहगड रस्ता)

उत्तर : एक मूळ घराणे नाही, आणि याचे कारण या आडनावांच्या उगमातच आहे. ही घराण्याची नावे होण्याआधी कामाची नावे होती. गावचा मुख्य पाटील आणि गावचे दप्तर लिहिणारा कुलकर्णी. अनेक गावांच्या परगण्यावर तीच दोन कामे करणारे अनुक्रमे देशमुख आणि देशपांडे. पंचांग सांगणारा आणि मुहूर्त काढणारा तो जोशी. हे हक्क वंशपरंपरेने चालत, आणि जितकी गावे तितकी वतनदार घराणी, असा हिशेब असल्यामुळे एका गावचा कुलकर्णी पन्नास कोसांवरच्या कुलकर्ण्याचा कुणी लागत नसे. वतन मिळाले की मूळ आडनाव मागे पडे. शतपत्रे लिहिणारे लोकहितवादी गोपाळ हरि देशमुख यांचे घराणे मूळचे सिद्धये, देशमुखीमुळे ते देशमुख झाले. नाना फडणीस मूळचे भानू आणि पेशवे मूळचे भट, हे तर पुणेकरांना सांगायला नको. पुढे मुंबई राज्यात १९५० च्या कायद्याने परगणा व कुलकर्णी वतने रद्द झाली. कामे गेली, आडनावे तेवढी राहिली.

आता ग्रंथांकडे वळू. जी. ए. कुलकर्णी (१९२३-१९८७) धारवाडला इंग्रजी शिकवीत आणि 'पिंगळावेळ', 'काजळमाया' यांतून माणसाच्या नियतीच्या कथा लिहीत, कृ. पां. कुलकर्णी यांनी १९४६ साली मराठीचा व्युत्पत्तिकोश दिला. एकाने मराठी कथेला अपरिचित खोली दिली, दुसऱ्याने मराठी शब्दांची मुळे खणली, आणि दोघांमध्ये आडनावाखेरीज दुसरा धागा शोधूनही मिळत नाही.

देशपांड्यांमध्ये तर दोन पुरुषोत्तम आहेत. पु. ल. देशपांडे (१९१९-२००० ) कोण, हे सांगण्याची आवश्यकता नाही. पु. य. देशपांडे (१८९९-१९८६) हे नागपूरचे. 'बंधनाच्या पलीकडे' या कादंबरीने त्यांनी १९२७ साली खळबळ उडवली आणि पुढे ते तत्त्वचिंतनाकडे वळले. 'अनामिकाची चिंतनिका' या त्यांच्या पुस्तकाला १९६२ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला आणि तीन वर्षांनी तोच पुरस्कार 'व्यक्ति आणि वल्ली' साठी पु. लं. ना. सूचीत 'पु. देशपांडे' एवढेच लिहिणाऱ्याने चिंतनिका आणि वल्ली एकाच माणसाच्या नावावर टाकल्याचे पाहावयास मिळाले, तर दोष सूचिकाराचा. मेहकरचे कवी ना. घ. देशपांडे आणि 'दशपदी' लिहिणारे कवी अनिल, म्हणजे आत्माराम रावजी देशपांडे, हेही पुन्हा वेगळे.

सर्वांत अवघड जोडी जोश्यांची आहे. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी (१९०१-१९९४) आणि पंडित महादेवशास्त्री जोशी (१९०६-१९९२) हे दोघेही जोशी, दोघेही शास्त्री आणि दोघेही बहुखंडी कोशांचे प्रमुख संपादक. लक्ष्मणशास्त्री वाईच्या प्राज्ञपाठशाळेतले. 'वैदिक संस्कृतीचा विकास' या त्यांच्या ग्रंथाला १९५५ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला, आणि मराठी विश्वकोश त्यांच्या देखरेखीखाली आकाराला आला. महादेवशास्त्री गोव्यातील सत्तरीमधल्या आंबेडे गावचे. त्यांनी पुण्यात राहून दहा खंडांचा भारतीय संस्कृतिकोश सिद्ध केला, तोही शासनाच्या विभागाचा आधार नसताना. शिवाय घरगुती जिव्हाळ्याचा कथालेखक म्हणून त्यांचा वाचकवर्ग वेगळा होता. 'विश्वकोशाचे जोशी' आणि 'संस्कृतिकोशाचे जोशी' एवढे लक्षात ठेवले तरी काम भागते. बडोद्याला पाली शिकवणारे आणि चिमणरावाला जन्म देणारे चिं. वि. जोशी या शास्त्र्यांपैकी नव्हेत, हे वाचकाला त्यांचे पहिले पान वाचूनच कळेल.

प्रश्न : लेखकाचे आडनाव पाहिले की त्याची पार्श्वभूमी कळते, असे आमच्या वाचकगटातील काही ज्येष्ठ सभासद ठामपणे सांगतात. हे कितपत ग्राह्य आहे? (एक वाचक, हडपसर)

उत्तर : पार्श्वभूमी या शब्दाआड जात दडलेली आहे, असे धरून उत्तर देतो. हा आडाखा चुकीचा ठरतो आणि त्याला एकच उदाहरण पुरेसे आहे. लोकहितवादी गोपाळ हरि देशमुख हे चित्पावन ब्राह्मण. मेघदूताचा मराठी पद्यानुवाद करणारे आणि रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर चिंतामणराव देशमुख हे चांद्रसेनीय कायस्थ प्रभू. वैदिक वाङ्मयातील धर्माचा उगम व विकास या विषयावर इंग्रजी ग्रंथ लिहिणारे आणि पुढे भारताचे कृषिमंत्री झालेले डॉ. पंजाबराव देशमुख हे विदर्भातील शेतकरी मराठा समाजातले. तिघेही देशमुख आणि तिघेही ग्रंथकार. आपल्या सभासदांना तिघांची नावे न सांगता तीन पुस्तके दाखवावीत आणि वेदांवरचे पुस्तक कोणत्या देशमुखांचे, हे ओळखायला सांगावे.

साठे हे दुसरे उदाहरण. वाटेगावच्या मातंग कुटुंबात जन्मलेल्या अण्णा भाऊ साठे (१९२०-१९६९) यांनी १९५९ साली 'फकिरा' लिहिली. पुण्याचे वास्तुरचनाकार आणि नाटककार मकरंद साठे यांनी मराठी रंगभूमीचा सामाजिक-राजकीय इतिहास तीस रात्रींच्या संवादातून सांगितला. एकाच फळीवर शेजारी ठेवण्यासाठी याहून चांगली पुस्तके आम्हाला सुचवता येणार नाहीत, परंतु त्यांच्या लेखकांबद्दल आडनाव काहीही सांगत नाही. पवारांचेही तसेच आहे. 'बलुतं' लिहिणारे दया पवार आणि गिरणगावाचे नाटककार-कथाकार जयंत पवार हे वेगळे. कवयित्री प्रज्ञा दया पवार मात्र दया पवारांच्या कन्या, आणि ते नाते त्यांनी नावातच ठेवलेले आहे.

प्रश्न : केळकर रस्ता ज्यांच्या नावाने आहे, त्यांनीच केळकर संग्रहालय उभारले का? (एक विद्यार्थिनी, नारायण पेठ)

उत्तर : नाही. रस्ता साहित्यसम्राट न. चिं. केळकर (१८७२-१९४७) यांच्या नावाचा. ते 'केसरी'चे संपादक आणि लोकमान्य टिळकांचे चरित्रकार. संग्रहालय दिनकर गंगाधर केळकर (१८९६-१९९०) यांचे. 'अज्ञातवासी' या नावाने ते कविता लिहीत. अल्पवयात गेलेल्या राजा या मुलाच्या नावाने त्यांनी आयुष्यभर जमवलेले दिवे, अडकित्ते, दरवाजे आणि वाद्ये शुक्रवार पेठेतल्या त्या वाड्यात मांडली आणि संग्रह शासनाच्या हवाली केला. संग्रहालय पाहून बाहेर पडणाऱ्या फार थोड्या लोकांना त्यांच्या कविता ठाऊक असतात, याचे वाईट वाटते.

तिसरे केळकर हवे असतील तर डेक्कन कॉलेजातील भाषाशास्त्रज्ञ डॉ. अशोक केळकर (१९२९-२०१४) आहेत. त्यांच्या 'रुजुवात' या समीक्षालेखसंग्रहाला २०१० चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. 'समाधी आणि इतर सहा गोष्टी' लिहिणारे दिवाकर कृष्ण हेही केळकरच, परंतु त्यांनी मुखपृष्ठावर आडनाव येऊ दिले नाही आणि या सदरातील एक प्रश्न आपोआप वाचवला.

प्रश्न : महर्षी कर्वे यांच्या घरात लेखक किती? दाते-कर्वे कोशातले कर्वे त्यांच्यापैकीच का? (एक वाचक, कर्वेनगर)

उत्तर : दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी : नव्हे. य. रा. दाते यांच्यासह 'महाराष्ट्र शब्दकोश' संपादणारे चिंतामण गणेश कर्वे (१८९३-१९६०) हे महर्षींच्या घरातले नव्हते. १९३२ ते १९३८ या काळात त्या कोशाचे सात विभाग निघाले आणि अजूनही जुन्या मराठी शब्दाची शंका आली की अभ्यासक त्याच्याकडेच वळतात.

महर्षींच्या घरात लेखक बरेच. धोंडो केशव कर्वे यांनी 'आत्मवृत्त' लिहिले. त्यांच्या पत्नी आनंदीबाई यांनी 'माझे पुराण' सांगितले, आणि स्पष्टच लिहायचे तर दोहोंपैकी तेच अधिक जिवंत आहे. थोरले पुत्र र. धों. कर्वे यांनी संततिनियमनाच्या प्रचारासाठी 'समाजस्वास्थ्य' हे मासिक १९२७ पासून १९५३ साली मृत्यू येईपर्यंत चालवले. सून इरावतीबाईंना 'युगान्त' साठी १९६८ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला.

इथून पुढे मात्र आडनावाचा माग धरणाऱ्याची वाट चुकते. इरावतीबाईंच्या दोन्ही मुली लेखिका झाल्या आणि दोघींची पुस्तके कर्व्यांच्या फळीवर सापडत नाहीत, कारण एक जाई निंबकर आणि दुसरी गौरी देशपांडे (१९४२-२००३). 'एकेक पान गळावया' लिहिणाऱ्या आणि अरबी सुरस कथांचे सोळा खंड मराठीत आणणाऱ्या गौरीबाई ही महर्षींची नात आहे, हे आडनावावरून कसे कळावे? त्याच आडनावाच्या इंग्रजी कादंबरीकार शशी देशपांडे या तर कन्नड नाटककार श्रीरंग, म्हणजे आद्य रंगाचार्य, यांच्या कन्या. दोघींनाही देशपांडे हे आडनाव विवाहाने मिळाले, एकीचे माहेर पुण्यातले आणि दुसरीचे धारवाडचे. असंबद्ध लेखक एका आडनावाखाली जमा होतात, हे सर्वांच्या ध्यानात येते; सख्ख्या बहिणी दोन आडनावांखाली पांगतात, हे सहसा कोणी पाहत नाही.

प्रश्न : ना. सी. फडके आणि य. दि. फडके? (एक वाचक, पिंपरी)

उत्तर : नाते नाही. नारायण सीताराम (१८९४-१९७८) कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात शिकवणारे, कलावादी कादंबरीकार. यशवंत दिनकर (१९३१-२००८) राज्यशास्त्राचे अभ्यासक आणि 'विसाव्या शतकातील महाराष्ट्र' या बहुखंडी इतिहासाचे लेखक. दोघेही साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, पहिले १९४० साली रत्नागिरीला आणि दुसरे २००० साली बेळगावला. गायक-संगीतकार सुधीर फडके यांचे 'जगाच्या पाठीवर' हे आत्मचरित्र आपण त्यांच्याशेजारी ठेवले तर तिसरे अपरिचित घराणे तिथे येईल.

प्रश्न : आडनावच काय, संपूर्ण नाव सारखे असेल तर काय करावे? शरद जोशी यांची विनोदी हिंदी पुस्तके आणि शेतीवरची मराठी पुस्तके एकाच लेखकाची समजून मी एका मित्राला भेट दिली. (एक वाचक, चाकण)

उत्तर : आपण चाकणचे असून ही सरमिसळ व्हावी, हे गमतीचे आहे. शेतकरी संघटनेचे शरद जोशी (१९३५-२०१५) आपल्या शेजारच्या आंबेठाणचे. तिथल्या शेताचेच नाव त्यांच्या 'अंगारमळा' या पुस्तकाला आहे. हिंदी व्यंग्यकार शरद जोशी (१९३१-१९९१) उज्जैनचे. एकाने शेतमालाच्या भावाचे अर्थशास्त्र मांडले, दुसऱ्याने सरकारी कचेऱ्यांची टोपी उडवली. आपल्या मित्राने दोन्ही वाचली असतील, तर त्याचा लाभच झाला असेल.

अशा वेळी जगभरातील ग्रंथालये जन्म-मृत्यूची वर्षे नावापुढे जोडतात. लेखकाने स्वतः तोडगा काढल्याचेही एक प्रसिद्ध उदाहरण आहे. अमेरिकेत विन्स्टन चर्चिल (१८७१-१९४७) नावाचे एक कादंबरीकार होते आणि १८९९ साली त्यांची 'रिचर्ड कार्व्हेल' ही कादंबरी अफाट खपत होती. त्याच सुमारास इंग्लंडमधील तरुण विन्स्टन चर्चिल (१८७४-१९६५) यांचीही कादंबरी येऊ घातली होती. त्यांनी आपल्या नामबंधूला पत्र पाठवून कळवले, की यापुढे आपण पुस्तकांवर 'विन्स्टन स्पेन्सर चर्चिल' असे नाव घालू. पुढे ते पंतप्रधान झाले, १९५३ चा साहित्याचा नोबेल पुरस्कारही त्यांना मिळाला, आणि अमेरिकन चर्चिल आता ओळख करून देताना 'ते नव्हेत' या शब्दांनीच सांगावे लागतात. पत्र कोणी कोणाला लिहायला हवे होते, याचा निकाल त्या वर्षी देता आला नसता.

प्रश्न : आद्याक्षरांवरून लेखक नेमका कोण, हे तपासायला घरी कोणते संदर्भग्रंथ ठेवावेत? 'वि. का. राजवाडे' या नावाने मला निरुक्तावरचे काम शोधायचे होते, ते मिळाले नाही. (एक संशोधक विद्यार्थी, पाषाण)

उत्तर : आपल्याला वि. का. नव्हे, वै. का. राजवाडे हवे आहेत. इतिहासाचार्य विश्वनाथ काशिनाथ राजवाडे (१८६३-१९२६) यांनी 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' चे बावीस खंड दिले आणि १९१० साली भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापण्यात पुढाकार घेतला. निरुक्ताचे अभ्यासक वैजनाथ काशिनाथ हे त्यांचे सख्खे बंधू. इंग्रजी सूचीत दोघेही 'व्ही. के.' होतात, त्यामुळे मराठी नावानेच शोध घ्यावा. नासदीय सूक्तावर भाष्य करणारे आहिताग्नी राजवाडे हे शंकर रामचंद्र, आणि या बंधूंच्या घरातले नव्हेत.

घरी 'संक्षिप्त मराठी वाङ्मयकोश' असावा. त्यात लेखकाचे पूर्ण नाव, जन्मस्थान आणि ग्रंथ एकत्र मिळतात. १८०० ते १९३७ या काळातील पुस्तकांसाठी शंकर गणेश दाते यांची 'मराठी ग्रंथसूची' अद्याप अपरिहार्य आहे. मात्र ती मागताना ग्रंथपालाला पूर्ण नाव सांगावे. नुसते 'दाते' म्हटलेत तर य. रा. दात्यांचा शब्दकोश पुढे येईल, आणि एखाद्या दुकानात विचारलेत तर सोलापूरचे दाते पंचांग हातात पडेल.